टॅकोमीटर आठ महिने वापरून: सगळं छान, ते एक बटण सोडून

मॉडेल विमानाच्या प्रॉपची (पंख्याची) समोरून जाणारी पाती प्रकाशावरून मोजून मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा हा टॅको. फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थेट तक्रारीवर येतो. दोन पाती की तीन पाती हे ठरवणारं सरकतं बटण! पॉवरच्या बटणाला अगदी खेटून, आणि इतकं सैल की पेटीत पक्कड नुसती घासली तरी सरकतं. सेटिंग कुठली आहे ते स्क्रीनवर दिसतही नाही.

गेल्या महिन्यात तेच झालं. माझं .४६ (घन इंच) इंजिन ११ बाय ६ (इंचात व्यास आणि पिच) च्या दोन पात्यांच्या प्रॉपवर जमिनीवर १२,३०० फेरे देतं. टॅको म्हणाला ८,२००. मी नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) एक क्लिक आत घेतली, म्हणजे इंधन कमी केलं, मग आणखी एक. आकडा वाढायचा सोडून घसरला. धूर विरळ झालेला, आवाज बसत चाललेला, कानाला सगळं कळत होतं. डोळे मात्र स्क्रीनवर. इंधन जुनं असेल म्हणत अजून एक क्लिक, आणि टेकऑफ. नाक वर करताच इंजिन गप्प. विमान कसंबसं उतरवलं. ग्लो प्लगची (इंधन पेटवणाऱ्या प्लगची) तार वितळली होती. जेमतेम दहा उड्डाणं झालेला प्लग! घरी येऊन ८,२०० ला दीडने गुणलं: १२,३००. बटण तीनवर होतं.

कंपनीचं उत्तर: सेटिंग वापरणाऱ्याने तपासायची असते. बटण बदलून द्यायलाही नकार, वॉरंटी असताना.

इथवर रागात लिहिलं होतं. दोन दिवसांनी वाचताना चूक दिसली, माझी. पीक, म्हणजे सर्वाधिक फेरे देणारी नीडलची जागा, शोधायला खरा आकडा लागतच नाही. बटण कुठेही असो, आकडा सर्वात मोठा येतो ती नीडलची जागा तीच. तिथून रिच करत (इंधन वाढवत) ३०० आरपीएम खाली यायचं, बटण तीनवर असेल तर ते २०० दिसतील, इतकंच. हवेत प्रॉपवरचा भार हलका होऊन फेरे वाढतात आणि मिश्रण लीन होतं (इंधन कमी पडतं), त्यासाठी ही सोय. मी पीक शोधतच नव्हतो, जुना आकडा गाठायला निघालो होतो.

बाकी यंत्र खरंच चोख. चोकवाल्या ट्यूबकडे रोखा: ५० हर्ट्झची ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, टॅको प्रत्येक लुकलुक एक पातं म्हणून मोजतो, आणि दोनच्या सेटिंगवर ३,००० दाखवतो. ६० हर्ट्झवर ३,६००. माझा दर वेळी बरोबर ३,०००. घरातून निघताना हे एकदा केलं की बटणाचाही निकाल लागतो, २,००० दिसले की समजायचं. मात्र अशाच ट्यूबखाली इंजिन मोजू नका, काहीही आकडे येतात. आणि प्रॉपच्या मागून मोजा. तिथूनही तितकंच अचूक येतं, समोर उभं राहायची गरज नाही.

आयडलला (सर्वात मंद फेऱ्यांवर) आकडा जरा नाचतो, चालतं.

बटणावर आता इन्सुलेशन टेप मारली आहे. तीन पात्यांचा प्रॉप माझ्याकडे नाहीच.