बावीस खोकी आणि चव्वेचाळीस हजार चारशे रुपये

साताऱ्यात गोडोलीला जिन्यावरच्या एका खोलीत आम्ही सातजण दर रविवारी जमतो आणि प्लास्टिकचे रणगाडे जोडतो, रंगवतो. प्रमाण बहुतेक वेळा १:३५. खरा साडेसात मीटर लांबीचा सेंच्युरियन आमच्या टेबलावर वीतभराचा होतो. गेल्या पावसाळ्यात आमचे ४४,४०० रुपये गेले. ज्यानं ते नेले त्याला आमच्या छंदाची भाषा आमच्याइतकीच येत होती, आणि आम्ही फसलो ते तिथंच. हा छंद करणारी माणसं महाराष्ट्रात गावोगाव दोन-दोन, चार-चार अशी विखुरलेली आहेत, एकमेकांना फोनवरच ओळखतात. त्यांच्यासाठी हे सगळं लिहून काढतोय.

आमच्यात मी कॉलेजात लॅब असिस्टंट, दोघे शिक्षक, एक एसटीत मेकॅनिक, एकाचं सायकलचं दुकान. सर्वात लहान म्हणजे आयटीआयला फिटर ट्रेड करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, आणि सर्वात थोर आमचे रिसालदार काका (रिसालदार म्हणजे रणगाडा दलातला हुद्दा). काका अपशिंग्याच्या बाजूचे. विजयंता रणगाड्यावर उमेदवारी झाली, पुढं टी-७२ वर नोकरी संपली. प्रशिक्षण अहमदनगरच्या आर्मर्ड कोअरच्या शाळेत. हाताला आता कंप आहे, त्यामुळं बारीक भाग ते चिकटवत नाहीत. पण चिखल कुठवर चढतो, धूर कुठं बसतो, कोणत्या कडेचा रंग माणसांच्या बुटांनी आधी उडतो हे सगळं तेच सांगतात. "इथून चढतात रे, इथं घासलं पाहिजे," म्हणून बोट ठेवतात आणि पोरगा ओल्या ब्रशनं तेवढाच रंग खरवडतो. खाली गंजाचा थर, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर हिरवा. पाणी लागलं की हिरवा सुटतो आणि खालचा गंज दिसतो. ते बघताना खोलीत कुणी बोलत नाही.

काकांची इच्छा होती बसंतरची लढाई करायची. १६ डिसेंबर १९७१, शकरगडचा भाग, आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन आणि समोरून येणारे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्या दिवशी पडले, वय एकवीस, मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांचा 'फामागुस्ता' हा रणगाडा काकांनी नगरला बघितलेला. दोन सेंच्युरियन, तीन पॅटन, मधे सुरुंग पेरलेली जमीन, असं टेबलभर दृश्य करायचं आणि साताऱ्याच्या पोरांना दाखवायचं ठरलं. आपल्याकडं पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली, इथल्या पोरांना हे समजतं, असं काका म्हणायचे.

अडलं ते किटवर, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर. परदेशी खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. स्केल मॉडेलं कस्टम्सच्या यादीत खेळण्यांच्याच रांगेत बसतात. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, आणि जपान-तैवानच्या किटवर तो कुठून असणार? दुकानांत माल दिसेनासा झाला, दिसला तर हात लावायची सोय नाही. मग आमच्यासारखी माणसं जुना साठा शोधतात. कुणी छंद सोडला, कुणी वारलं, कुणाच्या माळ्यावर न उघडलेली खोकी पडलीत. फसवणाऱ्यांना ही भूक बरोबर माहीत असते.

तो माणूस मे महिन्यात भेटला. भेटला म्हणजे फोनवर. आधी त्यानं माझ्याकडून काहीच मागितलं नाही. मी एका ग्रुपवर जुनी डेकलं, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चिन्हं-आकडे, पिवळी पडल्याची तक्रार केली होती, त्यानं लगेच सांगितलं, "दादा, खिडकीच्या काचेला चिकटवा, उन्हात आठवडाभर राहू द्या." ते खरंच होतं. मग एक डेकलची शीट आणि रंगाच्या दोन बाटल्या ६४० रुपयांना विकल्या. चार दिवसांत कुरिअर दारात. बाटल्यांना बबल रॅप, झाकणांना टेप. असं पॅकिंग करणारा माणूस चांगलाच असणार, असं मी घरी बोलूनही दाखवलं. आज कळतं की ते ६४० रुपयांचं पार्सल म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानं विषय काढला. पुण्याला त्याचे मामा वारले. ते टँक रेजिमेंटमध्ये सुभेदार होते, मुलगा सिंगापूरला, तो दर खेपेला किट आणायचा. बावीस खोकी आहेत, मामींना खोली रिकामी करायचीय. "एकेक विकायला मला वेळ नाही दादा, सगळं मिळून ५८,००० द्या." फोटो पाठवले. लोखंडी कपाट, त्यात रचलेली खोकी, वर दोन सेंच्युरियन, खाली पॅटन. आम्हाला जे हवं होतं नेमकं तेच वर. आम्हाला काय हवंय हे त्याला मीच महिनाभर सांगत होतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

रविवारी मी फोटो सगळ्यांना दाखवले. काकांनी चष्मा लावून मजकूर वाचला आणि म्हणाले, "रिसाल्यात सुभेदार नसतो. रिसालदार असतो."

मी म्हणालो, "काका, भाचा आहे तो. बाहेरची माणसं सगळ्यांनाच सुभेदार म्हणतात."

काका म्हणाले, "भाचा म्हणेल. पण मामाच्या घरात तीस वर्षं दारावर पाटी असते की."

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. ज्या माणसानं अख्खी उमर त्या हुद्द्यांत काढली त्याचं बोलणं मी उडवून लावलं, कारण मला ती खोकी हवी होती. पैशांपेक्षा हेच मला जास्त लागतं.

घाईलाही कारण होतं. साताऱ्यात जुलै-ऑगस्टला हवा इतकी दमट असते की वार्निश मारलं तर त्यावर पांढरट धुकं धरतं, केलेलं काम वाया जातं. म्हणून पावसाळाभर आम्ही फक्त जोडकाम करतो आणि रंग दसऱ्यानंतर. एका सेंच्युरियनच्या पट्ट्याला एका बाजूलाच शंभराच्या आसपास कड्या, प्रत्येक कडी स्प्रूवरून (भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) कापायची, घासायची, जोडायची. जूनमध्ये किट आली तरच दसऱ्याला रंग. हेही त्याला माहीत होतं. "कोल्हापूरचे एकजण उद्या येऊन घेऊन जातो म्हणतायत, पण मी तुम्हाला शब्द दिलाय," असा मेसेज बुधवारी रात्री आला.

गुरुवारी आम्ही त्यातले ३८,००० पाठवले. काकांनी पेन्शनमधून १०,००० दिले, मी १०,०००, चौघांनी साडेतीन-साडेतीन हजार. पोरगा संध्याकाळी गॅरेजात काम करतो, त्यानं ४,००० आणले. नोटा आणल्या, मोजून माझ्या हातात दिल्या. सगळे पैसे माझ्या खात्यातून गेले.

त्यानं पाठवलेल्या क्यूआर कोडवर नाव दुसरंच आलं, परराज्यातल्या कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. मी फोन केला. म्हणाला, "माझी आजची लिमिट संपलीय, मेव्हण्याच्या दुकानाचा कोड आहे." पैसे घेणाऱ्याची लिमिट अशी आडवी येते का, हे मी विचारलंच नाही. पुण्याला गाडीनं अडीच-तीन तास लागतात. आमच्या एसटीतल्या मित्राची ड्यूटीच त्या मार्गावर लागते. "जाऊन बघून येऊ का?" असं तो दोनदा म्हणाला होता. मी विचारल्यावर त्या माणसानं सांगितलं, घरात सुतक आहे, मामी कुणाला भेटत नाहीत. सुतक म्हटल्यावर आपण मराठी माणसं गप्प बसतो. कुणाच्या दुःखाच्या घरी व्यवहाराला जायचं जिवावर येतं.

शुक्रवारी ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो आला. मंगळवारी दुसऱ्या नंबरवरून फोन, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून बोलतोय म्हणून. माल नाजूक आहे, लाकडी पेटी आणि विमा मिळून ६,४००, माल उतरल्यावर परत मिळतील. हे मी कुणाला न विचारता माझेच भरले. शनिवारी त्याच नंबरवरून आणखी ९,००० मागितले, जीएसटीचे. त्या दिवशी पोटात गोळा आला. बिल्टी घेऊन एमआयडीसीतल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडं गेलो. तिथल्या कारकुनानं कागद हातातही घेतला नाही, लांबूनच म्हणाला, "आमच्या नंबरात एवढे आकडेच नसतात साहेब." घरी येईपर्यंत त्या माणसाचा फोन बंद होता.

रात्री पोरगा माझ्याकडं आला आणि फोटो मोठे करून बघत बसला. कपाटाच्या मागं डावीकडं, खोक्याच्या कडेला, भिंतीवर एक सॉकेट दिसत होतं. आपल्याकडं तीन गोल भोकं असतात. त्या सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी होत्या आणि खाली एक गोलसर भोक. अमेरिकेतलं. पुण्याच्या मामींच्या घरात तसलं सॉकेट कसं असेल? तेच फोटो इंटरनेटवर शोधल्यावर एका परदेशी विक्रीच्या जाहिरातीत निघाले, खूप जुन्या. शोधायला पोरग्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बँकेत आणि पोलिसांकडं मी सोमवारी गेलो, म्हणजे पहिले पैसे गेल्यानंतर अकराव्या दिवशी. शनिवारी रात्रीच १९३० ला फोन करायला हवा होता. हा देशभर चालणारा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तिथं तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले ते खातं गोठवायचा प्रयत्न होतो, आणि त्यात तासांना किंमत आहे. तोच अर्ज राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही भरता येतो. मी रविवार फुकट घालवला, कारण सहाजणांना तोंड कसं दाखवायचं हे सुचत नव्हतं. ठाण्यातल्या हवालदार मॅडमनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. पैसे तोवर तीन खाती फिरून बाहेर गेले होते. चौथ्या खात्यात ३,१५० रुपये अडकलेले सापडले, ते मिळायलाही तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली, जुन्या भाषेत चारशेवीस.

मॅडमनी मागितलेलं सगळं माझ्याकडं होतं, कारण मी चॅट पुसलं नव्हतं. व्यवहाराचा यूटीआर नंबर, क्यूआरचा फोटो, बिल्टी, दोन्ही फोन नंबर. रागाच्या भरात पुसून टाकणारे खूप असतात, असं त्या म्हणाल्या. कृपा करून पुसू नका.

महिन्याभरानं आणखी एक फोन आला. गोड मराठी, "सर, तुमची सायबर केस आमच्याकडं आलीय, रिकव्हरी फी २,५०० भरली की रक्कम खात्यात." माझं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं त्याला पाठ. एकदा फसलेल्या माणसाची यादी अशी पुढं विकली जाते, की तोच दुसऱ्या आवाजात बोलत होता, ते मला ठाऊक नाही. मी फोन ठेवला आणि नंबर मॅडमना दिला. तुमची फसवणूक झाली असेल तर असा फोन येणार हे धरून चाला.

सहाजणांना मी पुढच्या रविवारी सांगितलं. कुणी चढ्या आवाजात बोललं नाही. दोघं महिनाभर आले नाहीत, ते मी समजू शकतो. पोरग्याचे ४,००० मी त्याच आठवड्यात परत दिले, तो घेईना, त्याच्या आईच्या हातात दिले. काकांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. बाकीच्यांचे हप्त्यानं फेडतोय.

आता आमच्यात ठरलंय की जुना साठा घ्यायचा तर कुणीतरी प्रत्यक्ष जायचं आणि एक तरी खोकं उघडून बघायचं. आतल्या पिशव्यांचं सील, डेकलचा पिवळेपणा, रबरी पट्टे प्लास्टिकला लागून ते वितळलंय का, हे फोटोत कळत नाही. जाणं जमत नसेल तर निदान विकणाऱ्यानं त्या दिवशीच्या वर्तमानपत्राशेजारी खोकं ठेवून व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवावं. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. ऑक्टोबरात मिरजेच्या एका गृहस्थांकडून एक सेंच्युरियन घेतला, तेव्हा त्यांनी स्वतःहूनच उघडून दाखवला, चहा पाजला, आणि पैसे तिथंच टेबलावर मोजून घेतले.

तो सेंच्युरियन आत्ता माझ्यासमोर आहे. पोरग्यानं एका बाजूचा पट्टा पूर्ण केलाय, दुसऱ्या बाजूच्या चाळीस कड्या राहिल्यात. काकांनी बसंतरच्या मातीचा रंग ठरवलाय. समोर उभा करायला पॅटन अजून एकही नाही.