घोड्याचे पचन मोजताना : सगळी लीद की खुणेचा घटक?

बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी-निपाणी भागात शर्यतीच्या घोड्याला चंदी (दाण्याचा खुराक) भरपूर घातली जाते, पण त्यातले अंगी किती लागते हे क्वचितच मोजले जाते. पहिली पद्धत सरळ आहे : नव्या चाऱ्याची सवय लागल्यावर काही दिवस खाल्लेले आणि उष्टे राहिलेले सगळे तोलायचे, लीदही एकूणएक गोळा करून वाळवायची. कोरडे ८ किलो खाऊन कोरडी ३.२ किलो लीद पडली, तर पचन ६० टक्के. हिशेब खात्रीचा, मात्र लीद मुतात भिजू न देता रात्रंदिवस राखण करावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत चारा जाळल्यावर उरणारी, आम्लात न विरघळणारी राख खूण मानतात; ती पचत नाही, म्हणून खाल्लेली सगळी लिदीत उतरते. चाऱ्यात ती २ टक्के आणि लिदीत ५ टक्के निघाली, तर २ भागिले ५, म्हणजे ४० टक्के चारा लिदीत गेला; उत्तर तेच ६० टक्के, आणि थोडे नमुने पुरतात. परंतु खानापूरच्या तांबड्या मातीवर पडलेल्या लिदीला चिकटलेली चिमूटभर माती ही राख वाढवते आणि पचन खोटेच चांगले दिसते. प्रयोगशाळा जवळ नसेल, तर मी तराजू आणि घमेलेच निवडेन.