हरलो तर चूक माझी हवी: आजवर खेळलेल्या गेम्सबद्दल

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षाची बाग, शाळा-कॉलेज नाशकात झालं, आणि टीव्ही गेम घरात आला तेव्हापासून खेळतोय. कुठलाही गेम बघताना माझी कसोटी एकच, मेल्यावर कळलं पाहिजे कुठे चुकलं आणि ती चूक माझी असली पाहिजे, गेमची नाही.

या हिशोबाने कॉन्ट्रा हा पळत पळत गोळ्या झाडायचा गेम अजूनही एक नंबर. घरच्या टीव्हीवर खेळायचा तो कॉन्ट्रा १९८८ चा, आमच्यापर्यंत पोचला तेव्हा चांगलाच जुना झालेला, पण नियम एकदम सरळ, गोळी लागली की लाइफ गेली, लाइफ तीन, सेव्ह वगैरे भानगड नाही, त्यामुळे लोडशेडिंग झालं की पुन्हा पहिल्यापासून. तिसरी स्टेज धबधब्याची, तिथे वर चढत जायचं, आणि दोघं खेळत असाल तर वरचा घाई करून पुढे गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो, गोळी न लागताच. दादा आणि मी यावरून इतके भांडलो की आईने ॲडॉप्टर काढून कपाटात ठेवला होता. मग आम्ही ठरवलं, वरच्याने उडी मारायच्या आधी "चल" म्हणायचं आणि खालच्याने "आलो" म्हटल्याशिवाय हलायचं नाही, आणि ती स्टेज सुटली. ३० लाइफचा कोड नंतर कळला (वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए), दोन दिवस वापरला आणि सोडून दिला, कारण मरायची भीतीच गेली तर त्या गेममध्ये उरतं काय.

व्हाइस सिटी हा शहरभर गाड्या पळवत मिशन करायचा गेम कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून खेळलो. १९८६ सालचं शहर, गाडीत बसलं की रेडिओ, रात्रीच्या त्या गुलाबी-निळ्या लाइटी, फिरायला आजही आवडतं. पण रिमोटच्या हेलिकॉप्टरने बिल्डिंगमध्ये चार बॉम्ब ठेवायचं मिशन मला मान्य नाही. कीबोर्डवर ते हेलिकॉप्टर धड वळतच नाही, वर घड्याळ चालू, म्हणजे रस्ता पाठ असूनही आपटायचं, ही माझी चूक कशी? जे खेळले त्यांना विचारा, निम्म्या लोकांची गाडी तिथेच अडकलेली असते. सगळीकडे भारी म्हणतात म्हणून मी पण भारी म्हणणार नाही, दहापैकी सात.

त्यापेक्षा प्रिन्स ऑफ पर्शियाचा सँड्स ऑफ टाइम (२००३) मला कितीतरी वर वाटतो. उडी चुकली की खंजिराने वेळ मागे घ्यायची, पण खंजिरातली वाळू संपेपर्यंतच, म्हणजे माफी आहे पण मोजून. आणि सगळी गोष्ट प्रिन्सच सांगतोय, त्यामुळे तो मेला की स्वतःच म्हणतो नाही नाही, असं नव्हतं झालं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लढाया मात्र लांबवल्यात, तेच तेच भूत परत परत येतं.

पबजीवर लय तास गेले, बंदी आली सप्टेंबर २०२० ला, परत आला जुलै २०२१ ला बीजीएमआय नावाने. मित्रांसोबत मजा खरी, पण बागेत बसून खेळायचं तर पिंग (नेटवरून सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या वर, समोरचा दिसायच्या आधी आपण खाली. सोडला.

पुण्याच्या टीमचा राजी (२०२०) सगळ्यांनी एकदा खेळाच. हरवलेल्या भावाला, गोलूला शोधणारी मुलगी, महालाच्या भिंती, देवळं, असं आपलं काही गेममध्ये बघून छाती भरून येते. कॅमेरा आपल्या हातात नाही त्यामुळे कडेचा अंदाज चुकतो आणि शेवट फार लवकर गुंडाळलाय, तरी मनापासून शिफारस.

आणि आता रोज रात्री स्टारड्यू व्हॅली, शेती करायचा गेम. २०१६ चा, चित्रं, म्युझिक, कोड सगळं एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलं, २०२४ चं मोठं अपडेटही फुकट दिलं. यात शरदात द्राक्ष लावता येतं, मांडवावर, दहा दिवसांत तयार आणि मग दर तीन दिवसांनी तोडणी. मांडवातून चालता येत नाही हे लक्षात न घेता मी पहिल्या वर्षी चौकोनी पट्टा लावला आणि मधल्या वेलींपर्यंत हातच पोचेना, तेवढं द्राक्ष गेलं. चूक पूर्ण माझी. पुढच्या वर्षी ओळींमध्ये वाट सोडली, बागेत सोडतो तशी.

२०१९ ला ऑक्टोबरच्या पावसात आमचा निम्मा माल डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आणि कुजेत गेला होता, छाटणी वेळेवर, फवारणी वेळेवर, तरी. परवा नाना शेजारी येऊन बसले, स्क्रीनवर पाऊस सुरू होता. छाटणी कधी करतो म्हणाले, म्हटलं यात छाटणी नाही. मग पाऊस झाल्यावर फवारणी? म्हटलं ती पण नाही नाना, पावसाने फक्त पाणी घालायचं काम वाचतं. बराच वेळ काही न बोलता बघत राहिले, मग म्हणाले, "मग लाव की अजून दोन ओळी."