विश्वकर्मा योजनेच्या नोंदणीत तीनदा अंगठा लावला, 11,900 रुपये गेले

योजना खरी आहे, खोटं होतं ते सेंटर. हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणणार, फुकटच्या मागे लागलात, भोगा.

पीएम विश्वकर्मा ही केंद्र सरकारची कारागिरांसाठीची योजना, तिच्यात शिंपीकाम बसतं. 5 ते 7 दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला 500 रुपये भत्ता, हत्यारांसाठी 15,000 पर्यंतचं ई-व्हाउचर, पुढे 5 टक्के व्याजानं 1 लाखाचं पहिलं कर्ज. सोलापुरात पीसवर युनिफॉर्म शिवणारी कुठली बाई हे सोडेल? नोंदणी फुकट असते. आमच्याकडून ‘फाइल चार्ज’ म्हणून माणशी 1,200 घेतले, माझे आणि मिस्टरांचे मिळून 2,400. पावती मागितली तर ‘ऑनलाइन येते’. सेंटरवाला दोघांचं करून देतो म्हणाला तेव्हाच उठायला हवं होतं. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं हे एक कुटुंब, आणि लाभ त्यातल्या एकालाच.

खरा डाव अंगठ्याचा. नोंदणीला आधारचा अंगठा लागतोच, म्हणून लावला, कुणीही लावला असता. पण मशीन पुढं सरकवायच्या आधी त्यानं विचारलं, “ताई, खातं कुठल्या बँकेत?” हा प्रश्न आजही डोक्यातून जात नाही. नोंदणीच्या अंगठ्याला बँक निवडावी लागत नाही, आधारवरून पैसे काढताना लागते. खातं नंबर फॉर्ममध्ये वेगळा भरतात, पासबुक बघून. पहिला अंगठा शिल्लक बघायला. “सर्व्हर स्लो आहे, बोट पुसून परत लावा.” दुसरा पैसे काढायला. तिसरा कशाचा, देव जाणे. स्क्रीन त्याच्याकडं वळवलेली, आणि ओटीपी येईल म्हणून माझा मोबाईलही त्याच्याच हातात. बँकेचा मेसेज त्यानंच उडवला. खात्यात 9,640 होते, 9,500 काढले. 140 ठेवले, मेहरबानी!

दुसऱ्या दिवशी पासबुक भरून घेतलं तेव्हा उलगडलं. बँकेत साहेब म्हणाले, “अंगठा तुमचाच ना? मग व्यवहारही तुमचाच.” एफआयआर आणा म्हणे. पोलीस म्हणतात, आधी बँकेचं पत्र आणा. अर्ज घेतला, पोच दिली नाही. योजनेच्या कार्यालयात उत्तर मिळालं, “ते सेंटर आमच्या यादीत नाही.” मग भर रस्त्यावर योजनेचा बोर्ड लावून तो महिनाभर बसला होता, तेव्हा यादीवाले कुठं होते? तीन खिडक्या, दोन आठवडे, आणि प्रत्येक ठिकाणी आधी मलाच विचारणार, “शिकलेल्या दिसता, मग कशा फसलात?”

पैसे गेले की त्याच दिवशी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. बँकेला लेखी द्या आणि आवकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय हलू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेचा किंवा आपला दोष नसेल आणि 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. साहेबांना हे माहीत असतं, आपण म्हटल्याशिवाय आठवत नाही. एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशनच्या अंगठ्याआधी तेवढं उघडा, नाहीतर दुकानात अडतं. आणि मोबाईल हातातून सोडू नका, कितीही ताई-ताई केलं तरी.

बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माझे येत्या सोमवारी भरतात.