मैदानाची माती तपासताना: एकत्र नमुना की वेगवेगळे?

चिकलठाण्याकडे बंद पडलेल्या एका प्लेटिंग कारखान्याच्या (धातूवर क्रोमियमसारखा मुलामा चढवणाऱ्या) प्लॉटवर पोरं रोज क्रिकेट खेळतात. ही माती तपासायची तर कशी?

पहिली पद्धत म्हणजे दहा ठिकाणची माती कालवून एकच नमुना लॅबला पाठवायचा. स्वस्त आणि झटपट. पण समजा, नऊ ठिकाणी शिसं किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे आणि जुन्या टाकीपाशी 500. सरासरी निघते 68! कागदावर टाकी गायब होते, आणि पोरं नेमकी तिथेच स्टंप रोवतात.

दुसरी पद्धत म्हणजे चौकटी आखून प्रत्येकीतले नमुने वेगळे ठेवायचे, वरचा थर निराळा, खालचा निराळा. खर्च कितीतरी वाढतो, तरी मी हीच निवडेन. धूळ लागलेले हात पोरांच्या तोंडात जातात, म्हणून वरचे चार-पाच सेंटिमीटर महत्त्वाचे. आणि आपली काळी माती! मे महिन्यात तिथल्या एका भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. पहिल्या पावसाचं पाणी अशाच भेगांतून मुरुमाकडे उतरतं, पुढे बोअरकडे. वरवर खरवडलेल्या मिश्र नमुन्यात हे कधीच दिसणार नाही.

पैसे कमी असतील तर कडेच्या झाडांखाली मिश्र नमुना चालेल. पीच आणि टाकीची जागा मात्र वेगळीच हवी. कुठलीही पद्धत घ्या, लॅबला हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, स्वतंत्र मोजायला सांगा. एकूण क्रोमियमच्या आकड्यावरून त्यातलं घातक किती ते कळत नाही.