एक डिस्क, दोन बिऱ्हाडं: आठ महिन्यांनंतर

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ५१२ जीबीची एसएसडी लॅपटॉपात बसवली, तर विंडोजने ती ४७६ दाखवली. दुकानदाराला दोष नाही. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. या ४७६ मध्ये विंडोज आणि उबुंटू २४.०४ (लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम) आठ महिने शेजारी नांदताहेत.

मी गिरगावात डीटीपीची कामं करतो. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली श्रीलिपी या विंडोजवर चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या, म्हणून विंडोज सुटत नाही. युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारा) मजकूर, मेल, हिशेब मात्र उबुंटूवरच.

वाटण्या करताना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधलं, विभाग आकसवणारं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निम्म्यावर अडून बसलं. डिस्क जवळपास रिकामी, तरी! मध्येच काही न हलणाऱ्या फायली ठाण मांडून असतात. हायबरनेशन (मेमरी डिस्कवर उतरवून झोपणं), पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची फाइल) आणि सिस्टीम रिस्टोर (मागच्या स्थितीत परतायची सोय) बंद करून रीस्टार्ट केलं, तेव्हा कुठे जागा सुटली. हायबरनेशन पुढेही बंदच ठेवलं. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्याच्या एनटीएफएस (फायली मांडायची विंडोजची पद्धत) विभागात धड लिहिता येत नाही.

वाटणी अशी केली: विंडोजच्या सी ड्राइव्हला १८० जीबी, उबुंटूला ४०, उरलेला सगळा सामाईक. चाळीच्या गॅलरीसारखा, दोघांनीही वापरायचा. विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ ही पद्धत आपणहून वाचता येत नाही, म्हणून सामाईक विभाग एनटीएफएस ठेवला. आख्ख्या खटाटोपातला हा एक निर्णय मला अजून शंभर टक्के पटतो.

फटका बसला तो घड्याळाचा. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. म्हणजे आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांची चूक. एका सोसायटीच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ मी उबुंटूत पाचला केली होती. रात्री नऊला विंडोजमध्ये खजिनदारांचं नाव दुरुस्त करून नवी केली. तिच्यावर वेळ पडली दुपारी साडेतीनची. फोल्डरमध्ये सगळ्यात वर दिसली ती पाचची, आणि मी तीच छापखान्यात धाडली. खजिनदारांचा फोन आला तेव्हा त्यांना जागतिक वेळ समजावण्यात अर्थ नव्हता. दोनशे प्रती पदरच्या पैशाने पुन्हा छापल्या. उपाय एका ओळीचा निघाला: उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर लावायचं. लिनक्सची जाणकार मंडळी याला नाकं मुरडतात. मुरडोत.

दुसरी चूक ४० जीबीची. टाइमशिफ्ट या प्रोग्रामचे स्नॅपशॉट (सिस्टीमच्या जुन्या स्थितीच्या प्रती) त्याच विभागात साठत गेले आणि तिसऱ्या महिन्यात उबुंटूने जागा नसल्याची रड सुरू केली. शेजारचा सामाईक विभाग पुढे सरकवायचा म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून पुढे मांडायचा. बॅकअप घेतला, पेनड्राइव्हवरून विभाग लहानमोठे करणारं जीपार्टेड चालवलं, चार्जर लावला आणि रात्रभर कुणालाही लॅपटॉपला हात लावू दिला नाही. सकाळी ७० झाले. सुरुवातीलाच दिले असते तर झोप तरी झाली असती.

बाकी किरकोळ. एका मोठ्या अपडेटनंतर थेट विंडोजच सुरू व्हायला लागलं. बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) सुरू होण्याचा क्रम बदलला, पाच मिनिटांचं काम. बूटमध्ये, म्हणजे सुरू होण्याच्या क्रमात, असे फेरफार झाले की डिस्क कुलूपबंद करणारा विंडोजचा बिटलॉकर कधीकधी ती उघडायची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, मागतो. माझी कागदावर छापून कपाटात आहे, लॅपटॉपात नाही.

सीमध्ये अजून ७० जीबी रिकामे पडलेत. गणपतीनंतर त्यातले ३० काढून घेणार आहे.