तांबट आळीतले दोन डबे: एक १.३ गिगाहर्ट्झचा, दुसरा त्याच्या तिप्पट

दुकानावर पाटी नाही. जुन्या नाशकात तांबट आळीत शिरलं की ठोक्यांचा आवाज येतो, त्यातलंच एक. लोक तिथे हंडे, बंब घेऊन जातात. मी कागद घेऊन गेले: आत रेडिओ लहर घुमवायला तांब्याचे दोन बंद गोल डबे, एकाचा आतला व्यास १७६.५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५८.८. डबा कुठल्या वारंवारतेला घुमेल ते या व्यासावर ठरतं.

दुकानातल्या तांबट काकांनी कागद उलटसुलट पाहिला. "ताई, याला तोंड कुठाय?" म्हटलं, तोंड नको, मधोमध दोरा ओवण्यापुरतं भोक आणि बाजूला कनेक्टरपुरतं एक. आतून कल्हई करायला निघाले होते, तेही थांबवलं. एवढ्या वारंवारतेला वीज तांब्याच्या जेमतेम २ मायक्रॉन थरातून वाहते. तिथे कथील आलं की डबा नीट घुमत नाही.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रवेगक यंत्रात अशाच पोकळ डब्यातली रेडिओ लहर इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्याला ढकलते. पण लहरीचा माथा वाकलेला. पुंजक्यात मधल्यांना पूर्ण धक्का मिळतो, लहरीच्या ३६० अंशांच्या फेऱ्यात तीन अंश पुढेमागे असलेल्यांना ०.१४ टक्के कमी. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं मुलं दरवर्षी विचारतात. बिघडतं, कारण पुढे तोच पुंजका दाबून आखूड करायचा असतो, आणि हा बाक राहिला तर तो सारखा दाबला जात नाही. एक टोकदार सुळका होतो आणि मागे लांब शेपूट राहतं. म्हणून तिप्पट वारंवारतेची दुसरी लहर उलटी जोडायची. तिचा बाक तिनाच्या वर्गाने, म्हणजे नऊपट, त्यामुळे उंची एक नवमांश पुरते. माथा सपाट होतो, बदल्यात धक्क्याचा नववा हिस्सा जातो. हॅम्बुर्गच्या डेझी संस्थेतल्या फ्लॅश नावाच्या प्रवेगक यंत्रात १.३ गिगाहर्ट्झच्या जोडीला ३.९ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल २०१० साली बसवलं ते याचसाठी. बांधलं होतं अमेरिकेतल्या फर्मीलॅबने. तिथले डबे नायोबियम धातूचे, अतिवाहक, म्हणजे विजेला जवळजवळ अडथळाच न करणारे. माझ्या डब्यांत इलेक्ट्रॉन नाहीत. पण तिप्पट म्हणजे नेमकं तिप्पट, हे मुलांना हाताने अनुभवता यावं अशी माझी फार इच्छा होती.

पहिल्या खेपेला झाकणं कथलाच्या डागाने जोडली होती. डबा ज्या वारंवारतेला घुमतो तिथे मोजणीयंत्राच्या आलेखात दरी पडते, ती पसरट आली. मी परत नेले. काकांनी कुरकुर न करता जोड उकलले, घासले आणि चांदीचा डाग दिला. दरी सुईसारखी झाली. मोठा डबा १.२९८ गिगाहर्ट्झवर बसला, म्हणजे छोट्याने ३.८९४ वर यायला हवं. तो होता ३.८६८ वर. व्यास अर्धा मिलिमीटरही जास्त नव्हता, तरी एवढा फरक!

मग मी ते मोजणीयंत्र, म्हणजे छोटं व्हीएनए, आणि लॅपटॉप दुकानातच नेला. काकांना सांगितलं, झाकण आत दाबलं तर आकडा उतरतो, कडेची भिंत आत गेली तर चढतो. त्यांनी लाकडी मोगरी घेतली, डबा मांडीवर धरला आणि कडेला एक हलका ठोका दिला. पडद्यावरची दरी उजवीकडे सरकली. त्यांनी एकदा पडद्याकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. पुढचे ठोके त्यांनी पडद्यावर नजर ठेवूनच मारले. चौथ्याला ३.८९३. मी "बस" म्हणायच्या आत त्यांनी मोगरी खाली ठेवली होती. तांब्याचे डबे भिंतीला असे खळगे पाडून सुरात आणायची रीत प्रयोगशाळांतही आहे.

तक्रारी आहेत. आठ दिवसांचा वायदा होता, बावीस लागले. पक्कं बिल मिळालं नाही, त्यामुळे कॉलेजकडून पैसे निघाले नाहीत. ३,८०० रुपये मीच भरले. गाडी गल्लीत नेऊ नका. आणि व्यास तोंडी सांगू नका, पत्र्याचा गोल कापून द्या.

तरी पाचपैकी साडेचार. असा हात मला कुठल्याही वर्कशॉपमध्ये भेटलेला नाही.

पुढचा डबा इंदूरच्या इंडस-२ या प्रवेगक यंत्राच्या वारंवारतेचा करायचा आहे, ५०५.८ मेगाहर्ट्झ. साध्या गोल डब्याला व्यास लागेल सुमारे ४५ सेंटिमीटर. काकांना हाताने दाखवला. "म्हणजे घंगाळच की," म्हणाले, आणि पत्रा दिवाळीआधी आणून द्यायला सांगितलाय.